हत्ती, गाळ आणि रणभेरी : भीमगीतांचा अर्थ लावताना

वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही बौद्ध वस्तीत एप्रिल महिन्यात फिरून बघा. हिंगणघाट असो, पुलगाव असो की आर्वी-कारंजाकडचं लहानसं खेडं असो, पंचशील ध्वज आणि निळ्या पताकांखाली स्पीकर लागलेला असतो आणि त्यावर भीमगीत वाजत असतं. चौथी-पाचवीतल्या पोरालाही मुखडा तोंडपाठ असतो. पण त्याच गाण्याचा तिसरा अंतरा कोणता, असं वीस-बावीस वर्षांच्या कार्यकर्त्याला विचारलं तर तो अडखळतो. त्यातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर उत्तर येतं, 'अर्थ काय असणार, बाबासाहेबांवरचं गाणं आहे ना!'

मित्रांनो, एवढ्यावर थांबून आता भागणार नाही. आपल्या गाण्यांवर सध्या दोन बाजूंनी बोललं जातं. बाहेरचे म्हणतात, देव नाकारला आणि शेवटी बाबासाहेबांचीच आरती सुरू केली, मग फरक काय पडला? आणि आपल्यातलेच काही अभ्यासू तरुण म्हणतात, ज्या गाण्यांत बाबासाहेबांना देव, उद्धारकर्ता म्हटलंय ती २२ प्रतिज्ञांच्या विरोधात जातात, ती बंद करा. दुसरा आक्षेप पहिल्यापेक्षा गंभीर आहे, कारण तो निष्ठेतून आलेला आहे. त्याला उत्तर द्यायचं तर गाणी नीट वाचावी लागतील. ओळी मी इथे छापत नाही. त्या तुम्हाला पाठ आहेत. मनातल्या मनात वाजवत पुढे वाचा.

सुरुवात अण्णाभाऊ साठेंच्या त्या प्रसिद्ध गीतापासून करू, ज्यात बाबासाहेब जाताना जग बदलायचा निरोप देऊन गेले आहेत. या गाण्यात एक हत्ती आहे. गुलामीच्या चिखलात तो अडकून बसला आहे आणि कवी त्याला विचारतोय की तू असा बसून का राहिलास, अंग झटक आणि बाहेर ये. हत्तीही साधा नाही, इंद्राचा ऐरावत आहे. आता थांबून विचार करा. चिखलात अडकलेल्या माणसासाठी कवी गाय निवडू शकला असता, वासरू निवडू शकला असता. ऐकणाऱ्याला दया आली असती. हत्ती निवडला, कारण हत्तीची दया येत नाही, त्याचं आश्चर्य वाटतं. एवढं बळ अंगात असून हा अजून आत कसा? आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात बंडी फसली की गाव मिळून खांदा लावतं. हत्तीला खांदा कोण लावणार? त्याला स्वतःच निघावं लागतं.

हत्तीची आणखी एक ओळख त्या काळच्या श्रोत्याला होती. शेड्युल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना जुलै १९४२मध्ये आपल्या शेजारच्या नागपुरात झाली, आणि १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत फेडरेशनची निशाणी हत्तीच होती. ज्याने आयुष्यातलं पहिलं मत हत्तीची निशाणी असलेल्या पेटीत टाकलं, त्याला गाण्यातला हत्ती कोण हे वेगळं सांगावं लागत नव्हतं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तिसरा धागा. धम्मपद उघडा. त्यातला तेविसावा वग्ग म्हणजे नागवग्ग. इथे नाग म्हणजे हत्ती. या वग्गातल्या ३२७व्या गाथेत तथागत भिक्खूंना सांगतात की अप्रमादात रमा, आपल्या चित्ताची राखण करा आणि चिखलात रुतलेला हत्ती जसा स्वतःला वर काढतो तसे तुम्ही स्वतःला बाहेर काढा. अट्ठकथेत या गाथेमागची गोष्टही आहे. कोसलच्या राजाचा एक हत्ती तरुणपणी मोठा बलवान होता. म्हातारपणी तो तळ्याच्या गाळात अडकला आणि काही केल्या निघेना. राजाने माहुताला पाठवलं. माहुताने दोर आणले नाहीत, पहारी आणल्या नाहीत. त्याने तळ्याच्या काठावर युद्धाचे नगारे वाजवायला लावले. ओळखीचा तो आवाज कानावर पडताच हत्तीचा जुना ताठा जागा झाला आणि तो आपल्या बळावर उठून बाहेर आला.

अण्णाभाऊंनी धम्मपद समोर ठेवून लिहिलं, असा माझा दावा नाही. हत्ती आणि गाळ ही प्रतिमा या देशात जुनी आहे. पण बौद्ध म्हणून आपण ते गीत ऐकतो तेव्हा ही गाथा आणि ही गोष्ट शेजारी ठेवून ऐकायचा आपल्याला हक्क आहे. आणि ठेवली की शाहिरी म्हणजे काय याचाच खुलासा होतो. शाहीर हत्तीला ओढून काढत नाही. तो काठावर नगारा वाजवतो.

आता तो वादाचा शब्द घ्या : उद्धार. उद्धार म्हणजे मुळात वर काढणं, बाहेर काढणं. (बोलण्यात 'त्याने माझ्या बापाचा उद्धार केला' म्हणजे शिव्या दिल्या, हा मराठीचा आपला खोडकरपणा.) वर सांगितलेल्या गाथेत तथागतांनी वापरलेलं पाली क्रियापदही याच घराण्यातलं आहे, उद्धरथ. फक्त त्याचं कर्म 'स्वतःला' हे आहे. वैदिक-पौराणिक वळणात उद्धार करणारा वर बसलेला असतो आणि ज्याचा उद्धार व्हायचा तो हात जोडून खाली उभा असतो. धम्माच्या वळणात दोघे एकच असतात. म्हणून भीमगीतात उद्धार हा शब्द आला की लगेच नाक मुरडू नका. पुढचा अंतरा ऐका. त्यात श्रोत्याला शिकायला, संघटित व्हायला, उठायला, व्यसन सोडायला सांगितलं असेल तर तो उद्धार धम्मपदातला आहे. सगळं बाबासाहेबांनी करून ठेवलं, आता फक्त फोटोला हार घाला, एवढंच सांगितलं असेल तर आक्षेप घेणाऱ्या आपल्या मित्रांचं म्हणणं बरोबर आहे. असली गाणी आहेत आणि ती कमी नाहीत.

देव हा शब्द मात्र अधिक अवघड आहे. देवाने अवतार घेतला यावर विश्वास नाही, ही चौथी प्रतिज्ञा. बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचा प्रचार खोडसाळ आहे, ही पाचवी. घटना समितीतल्या २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात तर बाबासाहेबांनी स्पष्ट बजावलं होतं की धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेलही, पण राजकारणात भक्ती आणि विभूतिपूजा माणसाला अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. त्याच्याही आधी, १९४३ साली रानडे जयंतीच्या व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेची चिरफाड केली होती. मग ही गाणी देव का म्हणतात?

कारण गाणं करणाऱ्याच्या हातात जी भाषा होती ती भजनाची होती. आपल्या विदर्भात खंजिरी भजनाचा केवढा जोर होता ते जुन्या माणसांना विचारा. तुकडोजी महाराजांची मोझरी आपल्या आर्वीपासून फार लांब नाही. त्याच चाली, तीच पेटी-ढोलकी-खंजिरी, तेच कोरस धरणारे लोक. १९५६च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा झाली, १६ला चंद्रपुरात; मधला हा वर्धेचा पट्टा धम्मात आला, पण गळा एका रात्रीत बदलत नाही. पात्र जुनं, त्यात ओतलेलं नवं. हे काम सत्यशोधक जलशांनी आधीच करून दाखवलं होतं. तमाशाची सुरुवात गणाने होते, त्यात गणपतीची स्तुती असते. जलसाकारांनी गण ठेवला आणि गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा पुढारी असा त्याचा अर्थ फिरवला. गौळणीतली चेष्टामस्करी काढून तिथे प्रश्नोत्तरं घातली. आंबेडकरी जलसे त्याच वाटेने पुढे गेले. भीमराव कर्डकांनी आपल्या पुस्तकात तो इतिहास नोंदवून ठेवला आहे. अर्थ फिरवणं ही आपल्या गाण्याची जुनी रीत आहे, आणि फिरवलेला अर्थ पुढच्या पिढीला सांगितला नाही तर उरतं फक्त जुनं पात्र. माझं मत विचाराल तर जुनं गीत आहे तसं गावं, त्यातला शब्द खोडू नये, पण विहारात गाताना त्यावर दोन वाक्यं बोलावीत. नव्याने लिहिणाऱ्याने मात्र देव हा शब्द वापरू नये. त्याला आता सबब उरलेली नाही.

कोट आणि लुगडं

भीमगीतांत बाबासाहेबांचे कपडे फार येतात. कोट, टाय, चष्मा, खिशातला पेन, बूट, मोटार. वरवर पाहिलं तर हे कौतुक बाळबोध वाटतं. जात्यावरच्या ओव्यांतही ते आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा मोठा ठेवा आहे. माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांच्या ओव्या त्यातल्याच. ओवीतल्या बाईसाठी भीमराव कधी भाऊ असतो, कधी लेक, कधी गावात येणारा मानाचा पाहुणा, आणि तो येतो तो टापटीप कपड्यांत.

हा अर्थ समजायला वर्ध्याइतकी चांगली जागा नाही. गांधीजींनी १९२१ साली अंगावरचे कपडे कमी करून पंचा स्वीकारला आणि १९३६पासून ते आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामला राहिले. जगभरातून लोक आजही ती कुटी बघायला येतात आणि साधेपणाने भारावतात. ज्याच्याकडे सोडण्यासारखं काही असतं त्याने सोडलं तर तो त्याग होतो. पण ज्याला चांगलं कापड, पायात वहाण, बायकोच्या अंगावर सोनं घालायला रीतीने बंदी होती, त्याच्या अंगावरचा फाटका कपडा हा त्याग नसतो, ती शिक्षा असते. त्या माणसाच्या घरातली बाई जेव्हा भीमाच्या कोटाचं गाणं गाते तेव्हा ती फॅशनचं कौतुक करत नसते. ती शिक्षा संपल्याचं जाहीर करत असते. एकाच जिल्ह्यात एका माणसाचा पंचा आणि दुसऱ्या माणसाचा कोट, दोन्हींचा अर्थ शेजारी शेजारी शिकवला पाहिजे.

रमाईच्या गाण्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. गोवऱ्या थापणारी, लुगड्याला ठिगळ लावणारी, रडणारी रमाई एवढंच बहुतेक गाण्यांत उरलं आहे. दुःख खोटं नाही. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न अशी चार लेकरं त्या माउलीने गमावली आणि २७ मे १९३५ला ती स्वतः गेली. पण बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ रमाईंच्या स्मृतीला अर्पण करताना काय लिहिलं ते वाचा. त्यांनी तिच्या मनाचा मोठेपणा, चारित्र्य आणि वाईट दिवसांत आपल्यासोबत सोसण्याची तिची तयारी यांचा गौरव केला आहे. कीव कुठेच नाही. जुन्या चांगल्या गीतांत हा कणा दिसतो : रमाई तिथे निर्णय घेते, घर चालवते, नवऱ्याला अभ्यासाला मोकळा ठेवते. नव्या ध्वनिमुद्रणांत वाद्यं जितकी वाढली तितका तिचा हुंदका वाढला. ऐकताना एक प्रश्न विचारून बघा : या गाण्यात रमाई काही करते आहे, की तिच्यावर सगळं नुसतं कोसळतं आहे?

बायकांच्या गाण्यांतली आणखी एक जात इथे सांगून टाकतो, दारूवरची. आपल्या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, आणि ती कशी आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नवऱ्याला प्रतिज्ञेची आठवण करून देणारी बायको भीमगीतांत वारंवार येते. ती गाणी विनोदी चालीवर असतात म्हणून हसण्यावारी जातात. ती बाई कायद्याकडे दाद मागत नाही, पोलिसांचं नाव काढत नाही. दीक्षाभूमीवर दिलेला शब्द दाखवते.

जे वरून दिसतं ते आणि जे आत आहे ते

अर्थ लावण्याची सवय लागायची असेल तर अण्णाभाऊंचीच 'माझी मैना' ही छक्कड घ्या. वरून ती विरहाची. पोटासाठी मुंबईत आलेला गडी गावाकडे राहिलेल्या बायकोला आठवतो. ऐकता ऐकता ती मैना म्हणजे संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख होते आणि छक्कड राजकीय होऊन जाते. दोन्ही अर्थ खरे आहेत, एकाने दुसरा खोटा पडत नाही. गिरणीत राबलेल्या माणसाला बायकोची आठवण आणि मुलुखाची आठवण वेगळी काढता येत नव्हती. हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांत ज्यांचे आजोबा होते त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

वामनदादा कर्डकांचं वाचन याच्या उलट बाजूने करावं लागतं. त्यांचं गाणं इतकं सरळ असतं की आत काही दडलेलं नसेल असं वाटतं. १५ ऑगस्ट १९२२ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, मुंबईत मजुरी, अक्षरओळख झाली तीही तरुणपणी. १५ मे २००४ला गेले तेव्हा हजारो गाणी महाराष्ट्राच्या तोंडी ठेवून गेले. बड्या भांडवलदारांची नावं घेऊन देशाच्या संपत्तीतला आमचा हिस्सा कुठे आहे असं विचारणारं त्यांचं गाणं आपण टाळ्या वाजवत ऐकतो. त्यात एक बारीक गोष्ट आहे. गाणारा भीक मागत नाही, सवलत मागत नाही, दयाही मागत नाही. तो 'वाटा' मागतो. वाटा हा भावकीतला शब्द आहे. ज्याचा जमिनीवर हक्क असतो तोच वाटा मागतो, आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या भूमिहीन माणसाने तो शब्द वापरणं म्हणजे मी या घराचा वारस आहे असं सांगणं आहे. एका शब्दात पूर्ण अर्थशास्त्र बसवलं आहे. आजच्या डीजेवरच्या रिमिक्सांत 'आमच्या नादी लागू नका' छापाची भाषा जास्त आणि वाटा मागणारा हा प्रश्न कमी झाला आहे. भाईगिरीच्या गाण्यावर नाचायला जोर येतो हे कबूल. पण त्या जोरावर कुणी तुमचा वाटा देत नाही.

नाव कापलं जातं तेव्हा

आता मुद्दा रचनेचा. आपल्या गाण्यात मुखडा म्हणजे घोषणा, मधले अंतरे म्हणजे युक्तिवाद आणि शेवटचा अंतरा म्हणजे सही. चोखोबांच्या अभंगात शेवटी चोखा येतो. सोयराबाई स्वतःला चोख्याची महारी म्हणवून घेते, म्हणजे ज्या जातनावाने जग हिणवतं त्याच नावाने ती सही करते. हे धैर्य सातशे वर्षांपूर्वीचं आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला, हेही इथे आठवावं. तुकडोजींच्या भजनात तुकड्या येतो, वामनदादांच्या गीतात वामन. गावोगावच्या दुय्यम कव्वालीच्या मुकाबल्यात तर कवीचं नाव आल्यावर समोरच्या पार्टीला काय उत्तर द्यायचं ते ठरायचं.

तीस सेकंदांच्या रीलमध्ये मुखडा राहतो आणि सही कापली जाते. सही गेली की गाणं कोणाचंच राहत नाही, आणि जे कोणाचंच नसतं ते कुणीही आपल्या नावावर खपवतो. हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. मार्च २०२१मध्ये आलेलं 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणं तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलं असेल, कदाचित लग्नात त्यावर नाचलाही असाल. ते लिहिणारा अरिवू हा आंबेडकरी कवी-रॅपर, चेन्नईच्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'मधला. गाण्यामागे त्याच्या आजीची, वल्लियम्मालची कहाणी आहे : श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबायला नेलेले आणि परत आल्यावर पुन्हा भूमिहीनच राहिलेले लोक. शीर्षकातल्या 'एन्जामी'त मालकाला मारलेली हाक आहे, आमच्याकडच्या 'मालक', 'बाप्पा'सारखी. आजीने ती हाक लाडाची केली आणि नातवाने ती पृथ्वीवरच्या सगळ्या जिवांसाठी वापरली. बाग लावणाऱ्याच्या घशाला कोरड, हा त्या गाण्याचा गाभा आहे. वामनदादांचा वाटा आणि अरिवूची ती तहान ही एकाच दाव्याची दोन बोलणी आहेत. गंमत, म्हणजे कडू गंमत अशी की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका मोठ्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याची गायिका झळकली आणि ज्याने शब्द लिहिले तो अरिवू दिसला नाही. पा. रंजित यांनी जाहीरपणे आवाज उठवला तेव्हा चर्चा झाली.

आणि ज्यांची सही मृत्यूनेच झाली त्यांचं काय? ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवलं. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट तिथून सुरू होतो आणि चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून गाण्यांचाच इतिहास होत जातो. तो विहारात एकदा तरी सगळ्यांनी मिळून बघावा. गाणं लिहिणाऱ्याला गाणं किती महाग पडतं हे त्यात दिसतं.

फेब्रुवारी २०२३मध्ये वर्ध्यात एकाच वेळी दोन संमेलनं झाली : ९६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि चंद्रकांत वानखडे यांच्या अध्यक्षतेखालचं १७वं विद्रोही साहित्य संमेलन. साहित्य कशाला म्हणायचं यावर शहरभर बोलणं झालं. आपल्या वस्त्यांतल्या गाण्यांच्या वह्या मात्र त्याही वेळी पेटीतच राहिल्या. जुन्या भजन मंडळातल्या, कव्वाली पार्टीतल्या माणसांकडे या वह्या आहेत. कडा कुरतडलेल्या, शाई फुटलेल्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या आयाबायांच्या तोंडी त्याहून जास्त आहे.

या पावसाळ्यात वर्षावास सुरू झाला की विहारात आठवड्याला एक गाणं घ्या. मोबाइलवर नको, जिला पूर्ण येतं त्या आजीला म्हणायला सांगा, शेवटच्या अंतऱ्यापर्यंत. तिला थांबवून प्रत्येक अडलेला शब्द विचारा. गाणं कोणी रचलं, कोणाकडून शिकलं, कोणत्या साली, कोणत्या कार्यक्रमात पहिल्यांदा ऐकलं, हे वहीत उतरवा आणि तिचं नावही लिहा. तिने सांगितलेला अर्थ तुम्हाला चुकीचा वाटला तरी आधी तो लिहा, मग खाली तुमचा. चाल रेकॉर्ड करून ठेवा. पुढच्या १४ एप्रिलला मिरवणुकीत डीजे लागायचाच असेल तर लागो, पण सकाळच्या वंदनेनंतर त्यातलं एक गाणं पूर्ण, सहीसकट, माइकशिवाय म्हटलं जावं.